इंग्रज गेला, निजाम गेला, कचेरी राहिली

कचेरीतल्या जुन्या फायली दर काही वर्षांनी निवडून जाळतात. किस्से कुणी जाळत नाही, ते साठत जातात. मी एकोणऐंशी साली आमच्या तालुक्याच्या तहसील कचेरीत कारकून म्हणून लागलो, तेव्हापासूनचे माझ्याकडे पोतंभर आहेत. इंग्रज जाऊन तीस वर्षं उलटली होती, त्याच्या मागोमाग निजामही गेला होता. कचेरीला मात्र हे कुणी कळवलं नव्हतं.

*

आमचे अव्वल कारकून भास्करराव. मसुदा लिहावा तर त्यांनीच. सरकारनं सांगितलं, पत्रव्यवहार मराठीत करा. त्यांनी केला, पण इंग्रजी पत्राची शेवटची ओळ काही सोडवेना. तिचंही मराठी केलं : 'आपला अत्यंत आज्ञाधारक नोकर.'

गोदाकाठच्या एका म्हाताऱ्याला जमीन मोजणीची नोटीस गेली. 'अमुक तारखेला कचेरीत हजर राहावे, अन्यथा कारवाई होईल. आपला अत्यंत आज्ञाधारक नोकर.' तारखेनंतर आठ दिवसांनी म्हातारा उगवला.

"हजर का झाला नाहीत?" भास्कररावांनी दरडावलं.

"नोकर हाय म्हनून तुमीच लिवलंय की. म्या म्हनलं, येतील घरला. आठ रोज झालं, वाट बघायलोय."

*

शिपाई चाँदमियाँ. कमरेला लाल पट्टा, त्यावर पितळी बिल्ला. रोज सकाळी तहसीलदारांच्या रिकाम्या खुर्चीला सलाम ठोकायचा. नव्यानं आलेल्या साहेबांनी दारातून हे पाहिलं.

"अरे, मी इथं उभा आहे. सलाम कुणाला करतोस?"

"खुर्चीला, साहेब. तुमची बदली होती, हिची होत न्हाई."

*

हेच साहेब पहिल्या दिवशी सगळ्यांना गोळा करून म्हणाले होते, "मला साहेब म्हणू नका. मी शेतकऱ्याचा मुलगा आहे."

आम्ही दोन दिवस 'भाऊ' म्हणून पाहिलं. तिसऱ्या दिवशी त्यांच्या कपाळावरची आठी बघून परत 'साहेब' सुरू केलं. दिवाळीपर्यंत दाराशी चपलांची रांग लागायला लागली, कारण साहेबांना खोलीत धूळ चालत नव्हती.

एका दुपारी धोतर नेसलेला एक म्हातारा थेट आत शिरला. साहेबांनी फायलीतून मान न काढताच सांगितलं, "चपला बाहेर."

म्हातारा बाहेर गेला, चपला काढल्या, परत आत येऊन उभा राहिला.

"काढल्या, साहेब. तुज्या मायनं शेंगा दिल्यात, कुठं ठिवू?"

*

मराठवाडा मुक्तिदिनाला झेंडावंदन झालं की एक पुढारी भाषण करायचे. एका वर्षी त्यांना लय जोर चढला. "निजामाची एकसुद्धा निशाणी या तहसिलीत शिल्लक ठेवणार नाही."

टाळ्या थांबल्यावर चाँदमियाँ हळूच भास्कररावांच्या कानाशी वाकला. "रावसाहेब, तहसील, अर्ज, दाखला, शिपाई, ह्ये समदे त्येच्याच वक्ताचे. मंग उद्या ड्यूटीवर येऊ का नको?"

*

आम्ही बौद्ध. गावात आमचा जमिनीचा एक तुकडा होता, त्याच्या सातबाऱ्यावर वडिलांचं नाव होतं 'कचऱ्या'. ते 'कचरू' करावं म्हणून वडिलांनी अर्ज दिला. मी त्याच कचेरीत कारकून, म्हणून वाटलं होतं होईल. अर्ज भास्कररावांच्या टेबलावर गेला. त्यांची टिपणी आली : 'नावाने माणसात काही फरक पडत नाही. अर्ज निकाली काढावा.' वडील अर्धशिक्षित. त्यांनी ती माझ्याकडून दोनदा वाचून घेतली आणि गावाकडची एसटी धरली. वारले तेव्हाही कागदावर कचऱ्याच होते.

मी लागायच्या आदल्याच वर्षी विद्यापीठाच्या नामांतरावरून मराठवाडा पेटला होता, घरं जळली होती, वाद पुढंही धुमसत राहिला, तरी भास्कररावांचं चहाच्या टेबलावर तेच वाक्य. नावानं काय फरक पडतो?

चौऱ्याण्णव साली विद्यापीठाचं नाव बदललं. त्याच वर्षी भास्कररावांना बढती मिळाली. नायब तहसीलदार म्हणून त्यांच्या दारावर नवी पाटी लागली. पाटीवर नुसतं 'भास्कर'.

तेव्हा आस्थापनेचं, म्हणजे कर्मचाऱ्यांच्या नोंदींचं, टेबल माझ्याकडं होतं. ते तरातरा आले.

"भास्कर काय, भास्कर? मी कुणाच्या घरचा गडी आहे का?"

"सेवापुस्तकात 'राव' नाही," मी म्हणालो. "अर्ज द्यावा लागेल. कारण लिहून."

माझ्या समोरच बसून त्यांनी अर्ज लिहिला. कारणापाशी पेन बराच वेळ थांबलं. मग लिहिलं : 'नावात माणसाची इज्जत असते.'

मी ते दोनदा वाचलं आणि खाली टिपणी लिहिली : 'अर्जदाराचे म्हणणे खरे आहे. मंजुरीस हरकत नाही.'