ओसाकाच्या उन्हाळ्यात लोकरी कोट

कुणाशीही बोलण्याआधी ते कोटाचं मधलं बटण लावत आणि मग म्हणत, "हं, आता बोल बाबू." मशीन बंद पडलेलं असो की मोठे साहेब समोर उभे असोत, बटण लागल्याशिवाय आमच्या फोरमनकाकांच्या कानात काही शिरत नसे.

भिलाईचा कारखाना उभा राहत होता ते दिवस. मे महिन्यात पत्र्याच्या शेडखाली माणूस उकडून निघायचा. रशियन इंजिनियर अर्ध्या चड्डीत, गवती टोपी घालून फिरत. काका मात्र गडद निळ्या लोकरी कोटात. रशियनांकडे पाहून हळूच म्हणत, "हुशार लोक हायेत, पन उघडे फिरून राहिले."

कोट कशाला, असं मी एकदा विचारलं.

"कावून, तुले गरम होऊन राहिलं का?" एवढंच उत्तर मिळालं. असा एखादा माणूस तुमच्याही पाहण्यात असेल. त्याच्या हट्टाला आपण हसतो आणि पुढे काही विचारत नाही.

एका वर्षी आमच्या शॉपसाठी, म्हणजे कारखान्यातल्या आमच्या विभागासाठी, जपानहून एक मोठं मशीन यायचं होतं. ते तिथेच चालवून पाहायला काका आणि ड्रॉइंग ऑफिसातला मी, असं दोघांनी ओसाकाला जायचं ठरलं. तेही ऐन जुलैत. तिकडच्या कंपनीचं पत्र आलं: उन्हाळा दमट असतो, हलके सुती कपडे आणा, रुमाल जास्त आणा, घरात जोडे काढावे लागतात म्हणून मोजे चांगले असू द्या. मी ते काकांना दोनदा वाचून दाखवलं.

"भिलाईच्या उन्हानं माहं काई वाकडं केलं नाई," ते म्हणाले, "तं जपान काय करते?"

ओसाकात विमानातून उतरलो आणि ओल्या घोंगडीत गुंडाळल्यासारखं झालं. भिलाईत घाम निदान वाळतो. इथे तो नुसता वाहत होता. रस्त्यात भले भले साहेब अर्ध्या बाहीच्या पांढऱ्या शर्टात, हातात घडीचा पंखा. काकांच्या शर्टाच्या कॉलरवर कोटाचा निळा रंग उतरायला लागला होता.

आमची सोय एका जुन्या लाकडी विश्रामगृहात होती. म्हाताऱ्या मालकीणबाईंनी वाकून नमस्कार केला आणि हसत आमच्या जोड्यांकडे बोट दाखवलं. मी माझे काढले. काका पायरीवरच थांबले.

"मी नाई काढत."

"काका, पत्रात लिहिलं होतं ना."

"बाबू, माहा बाप पाटलाच्या दारापुढून जोडे हातात घेऊन जाये. मी पहिल्या पगाराचा कोट घालून गावाले गेलो, तं पाटलानं भर चावडीत उतरवायले लावला. तवाच ठरवलं, कोनी म्हनलं म्हनून अंगावरचं काई काढनार नाई."

बाई वाट पाहत उभ्या होत्या. तेवढ्यात कंपनीचे मुख्य इंजिनियर आम्हाला भेटायला आले. पिकल्या केसांचे, गळ्यात टॉवेल. ते आमच्या शेजारी पायरीवर बसले, स्वतःचे जोडे काढून बाजूला ठेवले आणि आत गेले.

"हेच सगळ्यात मोठे साहेब ना?" काकांनी विचारलं.

"हो."

काका थोडा वेळ त्या जोड्यांकडे पाहत राहिले. मग खाली बसून नाड्या सोडू लागले. त्यांचे मोजे कोरे करकरीत होते. माझ्या मोज्यातून मात्र अंगठा बाहेर आला होता.

"बाबू," ते गंभीरपणे म्हणाले, "पत्र कोनं वाचलं होतं?"

कोट मात्र अंगावरच राहिला. दुसऱ्या दिवशी ते तो घालूनच मशीनपाशी उभे राहिले. दुपारी त्यांचा तोल गेला आणि ते एका खोक्यावर मटकन बसले. मी धावलो. मुख्य इंजिनियर माझ्याआधी पोचले. मला वाटलं, आता हे कोट काढायची खूण करणार. त्यांनी तसं काही केलं नाही. शेजारी बसले आणि आपल्या पंख्याने काकांना वारा घालत राहिले. हात दुखला की पंखा दुसऱ्या हातात घेत.

"हा मानूस मले काई म्हनून नाई राहिला, बाबू," काका पुटपुटले. मग त्यांनी एकेक बटण सोडलं, कोट काढला आणि घडी करून मांडीवर ठेवला. चार वर्षं त्यांच्यासोबत काम केलं होतं, पण त्यांचे दंड मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले. कोटाच्या उतरलेल्या रंगाने ते ओल्या शर्टातून निळे दिसत होते.

संध्याकाळी आम्ही दोन अर्ध्या बाहीचे शर्ट आणले. उरलेले तीन आठवडे काका त्यातच हिंडले. एक पंखाही घेतला आणि ट्राममध्ये अनोळखी म्हाताऱ्यांना वारा घालू लागले. म्हातारे आधी दचकत, मग वाकून नमस्कार करत. काकाही उलट वाकत. या वाकण्याच्या नादात आम्ही दोनदा आपला स्टॉप चुकवला.

भिलाईला परतल्यावर ते अर्ध्या बाहीत कारखान्यात शिरू लागले, तर गेटवरच्या माणसाने त्यांना पास विचारला.

काही वर्षांनी ते निवृत्त झाले आणि भंडाऱ्याकडच्या आपल्या गावी राहायला निघाले. दुर्ग स्टेशनवर मी पोचवायला गेलो. मे महिना होता, प्लॅटफॉर्मवर पाय ठरत नव्हता. काका लोकरी कोट घालून आले होते.

"काका, आज कोट?"

"गावाले जाऊन राहिलो, बाबू," ते म्हणाले. "तिथं अजून लागते."

गाडी सुटली. खिडकीशी ते ताठ बसले होते, कपाळावरून घाम ओघळत होता आणि तो पुसायला त्यांनी हात वर केला नाही.