चेलोसाठी सोडलेली जागा

सुनंदाताईंना मी पहिल्यांदा ऐकलं ते जर्मनीत, कोलोनमधल्या आमच्या मराठी मंडळाच्या दिवाळीत. फराळाच्या ताटल्या हातात घेऊन आम्ही नाट्यगीताची वाट पाहत होतो. ताई व्हिओला, म्हणजे व्हायोलिनचा थोरला भाऊ, घेऊन तीन सहवादकांसह बसल्या आणि सोव्हिएत काळातलं, चार तंतुवाद्यांचं एक क्वार्टेट सुरू झालं. इतकं उदास, की चकली मोडायचीही चोरी.

"अहो ताई, सणासुदीला हे असलं?" एका काकांनी नंतर विचारलंच.

"काका, सणालासुद्धा कुणाच्या तरी घरी एक पाट रिकामा असतोच ना?"

काकांनी आपली ताटली ताईंपुढे सरकवली.

मोठ्यानं रडायचीही भीती होती अशा काळातल्या संगीतकारांनी चार वाद्यांत जे जपून ठेवलं, ते ताई आयुष्यभर वाजवत आल्या आहेत. चाळिशीत मी त्यांचा शिष्य झालो. बोटं इंजिनिअरची, वळता वळेनात. ताई कधी चिडल्या नाहीत. "आधी दुसऱ्याचं ऐकायला शीक," एवढंच म्हणत.

ते ऐकणं काय असतं, हे मला वेराबाईंच्या घरी कळलं. त्या ताईंच्या चौघांच्या क्वार्टेटमध्ये चेलो, ते गुडघ्यांत धरायचं खर्जातलं वाद्य, वाजवत. यजमान गेल्यावर त्यांनी चेलो पेटीत ठेवला आणि पुन्हा हात लावणार नाही, असं सांगून टाकलं. बाकीचे दोघे नवा वादक शोधू म्हणाले. ताई ठाम नाही म्हणाल्या.

दर गुरुवारी त्या व्हिओला घेऊन वेराबाईंकडे जात. गाडी चालवायला मी. वेराबाई दार उघडत आणि स्वयंपाकघरात निघून जात. ताई बैठकीत एकट्याच आपला भाग वाजवत. चेलोची जागा आली की गज मांडीवर ठेवून तेवढा वेळ गप्प बसत. अख्खा हिवाळा असा गेला. मी तर कंटाळून गेलो होतो.

मार्चमध्ये एकदा अशाच शांततेत स्वयंपाकघरातून आवाज आला, "सुनंदा, ही जागा एवढी लांब नाहीये."

"बरं, मग तूच दाखव ना," ताई वळूनही न बघता म्हणाल्या.

वेराबाई बाहेर आल्या. पेटी उघडली. तारा सुरात लावल्या. मग त्यांनी ती जागा वाजवली. माझ्या अंगावर काटा आला, आणि डोळ्यांतलं पाणी काही केल्या थांबेना.

परतताना मी विचारलं, "ताई, त्या आल्याच नसत्या तर?"

"तर काय? पुढच्या गुरुवारी परत गेलो असतो."

ताई आता पंच्याहत्तर वर्षांच्या झाल्या. एवढं मोठं माणूस आपल्या पंगतीत बसतं, याचं मला अजून नवल वाटतं. ताई, आपल्याला उदंड आणि निरोगी आयुष्य लाभो. यात आमचा स्वार्थही आहे. आमच्यापैकीही कुणी एक दिवस सगळं मिटून घरात बसेल. तेव्हा दाराची बेल वाजवायला आपण हव्या आहात.