खाईत थांबणारे पाय

अल्लाउद्दीन मुजावर खाईत उतरला की अख्खं गाव श्वास रोखून उभं राहायचं. मोहरमचा ढोल टिपेला पोचलेला, खड्ड्यातले निखारे फुललेले, बाकीचे चार ढांगांत पलीकडं पळालेले. आणि हा पिराचा पंजा, काठीवर बसवलेला धातूचा हात, खांद्याला लावून निखाऱ्यांच्या मधोमध थांबायचा. राजासारखा! त्याचे वडीलही असेच थांबत. "पिराचा हात हाय त्या घरावर," म्हणत बाया तिथली राख पोरांच्या कपाळाला लावीत.

शिरोलीच्या फौंड्रीतही तोच दरारा. साच्यातनं नुकतंच निघालेलं गरम ओतीव तो उघड्या हातानं उलटवायचा.

"मामू, कातडं रेड्याचं हाय काय तुमचं?"

"रेडा दुखलं तर ओरडतोय तरी, लेको!"

मग चपलेतला एक खिळा तळव्यात रुतला. दिवसभर त्याला पत्ता नाही. जखम सडली, पायाची दोन बोटं काढावी लागली. त्याच्या वडिलांचंही तसंच होतं हे ऐकून दवाखान्यात डॉक्टर दीप्ती कांबळेंनी त्याच्या आणि त्याच्या मुलाच्या, तोहिदच्या, पायावर सुई टोचून पाहिली, रक्त तपासायला पाठवलं. निकाल आल्यावर त्यांनी अल्लाउद्दीनला समोर बसवलं.

"चाचा, शरीरात एक एन्झाइम असतं. सेरिन नावाचा घटक उचलायचा आणि नसांना लागणारी चरबी बनवायची, हे त्याचं काम. तुमच्या घराण्यात त्याच्या जनुकात एक बारीक बदल झालाय. त्यामुळं त्याची घडण बदलली, आणि ते सेरिन सोडून ॲलानिन नावाचा दुसराच घटक उचलायला लागलं."

अल्लाउद्दीनचं आयुष्य साचे भरण्यात गेलेलं. "म्हंजे साचा जरा हलला, अन् माल भलताच निघाला."

"अगदी तसंच. तो भलता माल शरीराला नीट मोडता येत नाही. साचतो, नसा मारतो. मग चटकाही कळत नाही."

"तोहिदचं?"

"त्याच्यातही तेच आलंय. पण त्याच्या नसा अजून बऱ्याच शाबूत आहेत. सेरिन देऊन बघू. काहींना गुण आलाय, हमी मात्र नाही. भाजणं, कापणं टाळायचं. आणि पायताण घालण्याआधी आत हात घालून बघायचं."

मोहरम तोंडावर आला होता. पंजा आता तोहिदकडं जाणार, हे गावानं धरूनच ठेवलेलं. तोहिदही हट्टाला पेटला. "अब्बा, तुमच्यापेक्षा जास्त थांबून दाखवतो."

खाईच्या संध्याकाळी तो अनवाणी पुढं आला. ढोल घुमला. तेवढ्यात कुबडी टेकत अल्लाउद्दीन आडवा आला आणि त्यानं मुलाच्या खांद्यावरचा पंजा काढून घेतला. ढोल थांबला.

"पिराचा कोप व्हईल, अल्लाउद्दीन!" पंजाची व्यवस्था बघणारे म्हातारे अण्णासो कडाडले. "घराण्याचा मान हाय तुमच्या!"

"अण्णासो, खाईतनं जाताना तुमचं तोंड वाकडं का हुतंय?"

"चटका बसतोय की मर्दा!"

"मग नवस तुमचा खरा." त्यानं पंजा त्यांच्यापुढं धरला. "आमच्या घराण्याला आजार हाय. आम्हाला लागतच न्हवतं. दोन पिढ्या आम्ही पिराला काय दिलं? कायबी न्हाय."

 अण्णासोंनी हात पुढं केला, पंजा घेतला आणि विव्हळत, घाईघाईनं निखारे पार केले.

कडेला तोहिद मान खाली घालून बसला होता. अल्लाउद्दीननं त्याची चप्पल उचलली, सवयीनं आत हात घातला, आणि थबकला. मग त्यानं ती बायकोपुढं धरली.

"कुलसुम, तू बघ. तुझ्या बोटांना कळतंय."