नातीचं घड्याळ आणि माझा जड हात

२०२३ साल. मला एकाहत्तर पुरी झाली होती आणि मी माझ्या सख्ख्या नातीवर जळत होतो. एवढं एक वाक्य लिहायला मला दोन वर्षं लागली. माझं शिक्षण चौथी, तेही गावच्या शाळेत. अक्षर मात्र चांगलं आहे, त्याला कोणी नावं ठेवलेली नाहीत.

नात म्हणजे मुलाची मुलगी. त्याच्या चार वर्षं आधी तिला ज्या कोर्सला ॲडमिशन मिळाली त्याचं नाव लांबलचक होतं. मेकॅनिकल इंजिनिअरिंग आणि मॅनेजमेंट, दोन्ही एकदम, पाच वर्षांत. मुलाने लालबागच्या आमच्या चाळीत मजलाभर पेढे वाटले. मीही एक तोंडात टाकला. तो लवकर गिळला जाईना.

का, ते सांगतो. गिरणीत मी फिटर होतो. आमच्या वर्कशॉपच्या कोपऱ्यात एक लोखंडी जिना होता आणि जिन्याच्या वर काचेची केबिन. खाली पाना, वर खुर्ची. खालचा माणूस वर फक्त दोन कामांसाठी जायचा, बोलणी खायला नाहीतर सही द्यायला. एकोणीस वर्षं झाली तेव्हा आमचा हेडफिटर रिटायर झाला. सगळे म्हणाले, आता तूच. मीही धरून चाललो, घरी सांगूनसुद्धा टाकलं. त्या जागेवर आला एक डिग्रीवाला. माझ्याहून दहा वर्षांनी लहान. पहिल्या दिवशी त्याने मला विचारलं, "हे बेअरिंग कसं काढतात हो?" मी काढून दाखवलं. दुसऱ्या दिवशी तेच त्याने मला शिकवलं, जिन्यावर उभा राहून.

आणि हिला पाना नि खुर्ची एकाच कागदावर मिळणार होती. अठरा वर्षांची पोर. हाताला एक घट्टा नाही.

अभ्यास ती गॅलरीत बसून करायची. समोर करी रोडचे टॉवर. त्यातला एक आमच्या गिरणीच्या जागेवर आहे. एकदा तिने पुस्तकातलं चित्र माझ्यापुढे धरलं. "आबा, फ्लॅट फाइल म्हणजे तुमची कानसच ना? सर म्हणतात, पुढे ढकलताना दाब द्यायचा, मागे घेताना उचलायची."

मी म्हटलं, "तुझ्या सरांनी किती लोखंड घासलंय?"

"असं काय बोलता? सर पीएचडी आहेत."

"तेच विचारतोय."

ती हसली. मी हसलो नाही. कानस कशी धरायची ते पोरीने घरातल्या फिटरला सोडून त्या सरांकडून शिकावं, हे मला आत कुठेतरी लागलं होतं.

गिरणी बंद पडल्यावर मी लालबागमधल्याच एका छोट्या कारखान्यात लागलो. आमच्याकडे मसाला कुटायचे डंके पुष्कळ. त्या डंक्यांच्या, पिठाच्या गिरण्यांच्या पुल्या तिथे बनतात. शाफ्टला एक खाच असते, पुलीला एक खाच. दोन्ही समोरासमोर आणून मधे लोखंडाची चौकोनी चावी ठोकतात, म्हणजे पुली शाफ्टवर फिरत नाही. ती चावी कानशीने घासून बेतशीर बसवायची, हे माझं काम. सैल झाली तर पुली खडखडते, घट्ट झाली तर तडकते. सकाळी नऊ ते दीड मी हेच करतो. शेट माझ्या मुलाच्या वयाचा, मला काका म्हणतो.

चौथ्या वर्षाला नातीला प्रोजेक्ट आला. एखाद्या कारखान्यात जायचं, कुठल्या कामाला किती वेळ लागतो ते मोजायचं, कुठे अडतंय ते शोधायचं आणि उपाय सांगायचा. ज्याचा प्रोजेक्ट चांगला होईल त्याला एका मोठ्या कंपनीत सहा महिने ट्रेनिंगला घेणार होते. जागा एकच. तिला ती हवी होती, फार हवी होती. जेवताना, भांडी पुसताना तेच बोलायची.

"आबा, मी तुमच्या कारखान्यात केला तर?"

मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू? वाटलं, येऊ दे, बघू दे आजोबा काय चीज आहे.

सोमवारी ती आली. हातात पुठ्ठ्याचा पॅड, मोबाइलमध्ये घड्याळ. लेथवाल्याचं मोजून झालं, मग माझ्या बाकाकडे आली आणि माझ्या पाठीमागे उभी राहिली. "आबा, तुम्ही तुमचं काम करा. माझ्याकडे बघू नका."

इथे गिरणीतली एक गोष्ट सांगायला हवी. काचेच्या केबिनमधून कधीकधी एक माणूस उतरायचा. हातात पॅड, गळ्यात घड्याळ. कोणाच्याही पाठीमागे जाऊन उभा राहायचा. आम्ही त्याला घड्याळवाला म्हणायचो. मी नवीन लागलो तेव्हा शेजारच्या बाकावरच्या म्हाताऱ्या फिटरने पहिल्या आठवड्यातच कानात सांगितलं होतं, "तो मागे आला की हात जड करायचा. आज तू चपळाई दाखवशील, पुढल्या महिन्यात तेवढंच काम सगळ्यांच्या बोडक्यावर बसेल." अख्खं खातं हे पाळायचं. घड्याळवाला गेला की हात मोकळे. ते आमच्या अंगात इतकं भिनलं होतं की मागून कुणी चालत गेलं तरी कानस आपोआप मंद व्हायची.

तर नात मागे उभी राहिली, तिने टक् करून घड्याळ लावलं आणि माझा हात जड झाला.

पहिली चावी सवयीने जड झाली. तेवढ्यापुरती मला माफी असेल. पण पहिली बसवल्यावर माझ्या लक्षात आलं होतं, की ही गिरणी नाही, ही आपली पोर आहे. मी मान वळवून पाहिलं. ती पॅडवर लिहीत होती, भुवया आखडून, अगदी त्या डिग्रीवाल्यासारखी. पायात नवे सेफ्टी बूट, कॉलेजने दिलेले. मी पुढची नऊ मुद्दाम रेंगाळत केली. दहा हात मारायचे, थांबायचं, फुंकर मारायची, उजेडाकडे धरून बघायचं, परत दहा. जी चावी मी सहा मिनिटांत बसवतो तिला बारा लावली. सगळ्या अशाच, हात मोजून.

"थँक्यू आबा," ती म्हणाली. "पाणी देऊ का?"

"नको."

गुरुवारी संध्याकाळी ती कॉलेजातून आली ती सरळ गॅलरीत जाऊन बसली. बायकोने चहा नेला तो तसाच थंड झाला. शेवटी मुलाने विचारलं तेव्हा कळलं. सरांनी तिचे आकडे आणि कारखान्याचं रजिस्टर शेजारी शेजारी ठेवलं होतं. रजिस्टरमध्ये माझ्या नावावर अर्ध्या दिवसाला तीस-पस्तीस पुल्या. तिच्या घड्याळाने पंधरा-सोळाच्या वर होईनात. सर सगळ्या वर्गासमोर म्हणाले, "कारखान्यात गेली होतीस, की घरी बसून आकडे भरलेस?" शुक्रवारी दुपारी तीनपर्यंत खुलासा दे, नाहीतर प्रोजेक्ट बाद.

तिने मला विचारलं, "आबा, सोमवारी तुम्हाला बरं नव्हतं का?"

सबबीचं दार तिनेच उघडून दिलं. मी त्यातून निघालो. "खांदा दुखत होता."

आतून बायको म्हणाली, "खांदो? काल पाण्याचो हंडो एका हातान उचललास, तो खांदो कोणाचो होतो?"

"तू गप बस."

"मी गपच आसंय. पेढो खाल्लास तेव्हापासून गप आसंय."

नातीने आजीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. लॅपटॉप उघडला. थोड्या वेळाने म्हणाली, "मग आबा, मी असं लिहिते. रजिस्टरमधला आकडा मागच्या महिन्यांचा आहे. कारागीर वयस्कर, खांद्याचा त्रास, कामाचा वेग आता निम्मा. उपाय, चाव्या तयार विकत घ्याव्यात, हा बाक काढून टाकावा." तिने वाचून दाखवलं, सरळ आवाजात. "चालेल ना? तुम्ही सांगितलंत तेच आहे."

हो म्हणावं तर पन्नास वर्षांचा फिटर मी, थकलेला म्हातारा म्हणून कागदावर चढणार, तो कागद शेट वाचणार, पीएचडीवाले सर वाचणार. नाही म्हणावं तर काय सांगावं? की तुझ्यावर जळतो म्हणून हात आवरला? नातीला असं सांगतात?

मी म्हटलं, "आता छापू नको. सकाळी बघू."

"तीनच्या आत द्यायचंय."

"सकाळी म्हटलं ना, बाये!"

जेवण कोणाला गेलं नाही. बायकोने माझं ताट उचलताना हळूच म्हटलं, "ती तुमचा काय खाता? तुमच्यासारख्याच लोखंडात हात घालूक गेलीहा ना? दुसऱ्यांची पोरां कॉम्प्युटरकडे गेली." बोलली ते खरं होतं. पण जळणं थांबलं म्हणाल तर तसंही नाही. पडल्या पडल्या मी तिच्या बुटांकडे बघत होतो. दाराशी माझ्या चपलांशेजारी ठेवले होते. असे बूट मला गिरणीने एकदाही दिले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिला सहाला उठवलं. "घड्याळ घे. चल."

शेटला आदल्या रात्रीच फोन करून कारखाना लवकर उघडायला सांगितलं होतं. आम्ही दोघं चालत निघालो. कोपऱ्यावर डंके सुरू झाले नव्हते, मिरचीचा वास मात्र कालचा तसाच होता. अर्ध्या वाटेत मी म्हटलं, "माझा खांदा दुखत नव्हता."

"माहीत आहे."

"आजीने सांगितलं?"

"आकड्यांनी सांगितलं. पहिली चावी साडेआठ मिनिटं. पुढच्या नऊ बारा, बारा, बारा. पाच-दहा सेकंदांचा फरक. दुखणारा खांदा इतका नेमका नसतो, आबा. इतका नेमका फक्त चांगला कारागीर असतो."

"मग काल ते वयस्कर, निम्मा वेग कशाला वाचलंस?"

"तुम्ही किती वेळ ऐकून घेता ते बघत होते."

हे मॅनेजमेंट. मी मनात म्हटलं, ही वर बसणार. जिना नसला तरी वर बसणार. आणि मी पुन्हा जळलो, पण या वेळी त्या जळण्यात थोडी ऐटही होती.

बाकाशी आल्यावर ती सवयीने मागे जायला लागली. मी म्हटलं, "मागे नाही. समोर उभी राहा, माझ्या हातांकडे बघ." ती बाकावरच्या वाईसच्या, त्या लोखंडी पकडीच्या, पलीकडे उभी राहिली. मी चावी पकडीत आवळली, शर्टाच्या बाह्या वर केल्या. तिने घड्याळ लावलं. मी असा तुटून पडलो की किसाचा पाऊस. चार मिनिटं दहा सेकंद. चावी पुलीत चपखल बसली. मी घाम पुसला आणि तिच्याकडे बघितलं.

तिने आकडा लिहिला आणि त्यावर काट मारली.

"काय झालं?"

"हा पण खोटा, आबा. सोमवारी मला पाडायला केलात, आज मला दाखवायला. रोज जसं करता तसं करा ना."

शेट मागे उभा राहून हसला. मी त्याच्याकडे असं पाहिलं की तो आत गेला. रोज जसं करतो तसं. इतक्या वर्षांत घड्याळासमोर मी ते कधी केलं नव्हतं. कसं करायचं तेच क्षणभर आठवेना.

मग मी कानस ब्रशने साफ केली, दुसरी चावी वाईसमध्ये धरली, तिला म्हटलं, "लाव," आणि घासायला लागलो. पुढे ढकलताना दाब, मागे घेताना उचल. दहा चाव्या केल्या. प्रत्येकीला साधारण सहा मिनिटं लागली, आणि तिने एकाही आकड्यावर काट मारली नाही.