मध्येच थांबलेला धवला

"बोललास ना, आता निस्तर," असं ती कुणालाही म्हणायची, कमरेवर हात ठेवून. मासेवालीला तेच, नगरसेवकाला तेच. तुमच्याही आळीत अशी एखादी असेल. असली तर जपा.

खरवईत तिचं नि माझं घर लागून. गेल्या वर्षी ती गेली. ती धवलारीण होती. आमच्याकडे लग्नाचे विधी तिच्या गाण्यावर चालतात, त्याला धवला म्हणतात. ती गायला लागली की हळद लागते, थांबली की सगळे थांबतात. गळा गोड नव्हता, कोंबडा बरा. पण दम होता.

तिचा एकुलता मुलगा परदेशात वेल्डर होता. तिकडे लढाई पेटली. आमचा नगरसेवक केबलवर बातम्यांचं चॅनल चालवतो. तो रोज टेबल आपटून ओरडायचा, "ही लढाई लढलीच पाहिजे! तिकडची आपली माणसं एकदम सेफ आहेत, कुणी परत बोलावू नका!" नाक्यावर त्याने फटाकेसुद्धा फोडले. मुलाने फोनवर विचारलं, "आये, येऊ का?" ती टीव्ही बघत होती. म्हणाली, "राहा."

थोड्याच दिवसांत त्याच्या कारखान्यावर बॉम्ब पडला. घरी पेटी आली.

नगरसेवक हार घेऊन आला, मागे कॅमेरा. तिने त्याला उंबऱ्यावरच अडवलं.

"टीव्हीवर बस आणि सांग, मी खोटं बोललो."

"काकी, सगळेच चॅनलवाले तेच बोलत होते."

"सगळ्यांची मी काकी नाय. तू बोल."

तो गेला. चॅनलवर क्रिकेट लागलं.

पुढे त्याच्या मुलीचं लग्न ठरलं. त्याच्या आईने बजावलं, धवलारणीशिवाय हळद लागणार नाही. मग आला पानसुपारी आणि पैठणी घेऊन. मी तिच्या ओट्यावर लसूण सोलत बसले होते.

"काकी, लग्नात राजकारण नको ना."

"मी कुठं आणलं? तू माझ्या घरात आणलंस." पैठणी तिने चपलांशेजारी ठेवली.

हळदीच्या संध्याकाळी मांडवात नुसता डीजे वाजत होता. नवरीच उठून तिच्याकडे आली, डोळे लाल.

"आजी, बाबांच्या वतीने मी माफी मागते."

"तू गं कशाला? तू काय बोललीस? बस खाली."

तिथेच ओट्यावर तिने पाट मांडला आणि धवला धरला. बायका एकेक करून मांडवातून उठून आल्या. हळदीचं ताट आलं. नगरसेवकाची आईसुद्धा काठी टेकत आली. तिकडे डीजेवाला आणि खुर्च्या.

मग तो आला. त्याने पायरीवर पाय ठेवला आणि ती ओळीच्या मध्येच गप्प झाली. आमचे हळदीचे हात तसेच थांबले. ती त्याच्याकडे बघत राहिली. घाई नव्हती तिला.

त्याने तोंड उघडलं. आईकडे बघितलं, मुलीकडे बघितलं. "काकी, इलेक्शन झालं की बघू ना..."

ती हलली नाही. त्याने पायरीवरून पाय काढला आणि गल्लीत जाऊन उभा राहिला.

जिथे तुटली होती तिथूनच तिने ओळ उचलली, आधीपेक्षा मोठ्याने.