कुरडयांचा तंबू

ऑस्ट्रेलियाच्या समुद्रकिनाऱ्यावर तंबूत मुक्कामाला जायचं असेल, तर सोबत तीन दिवस भिजवलेले गहू नेऊ नयेत.

हा सल्ला प्रवासाच्या कुठल्याही पुस्तकात नाही, कारण तो कुणाला लागेल असं आजवर कुणाला वाटलंच नव्हतं. आम्हाला लागला. आणि त्याचं मूळ ऑस्ट्रेलियात नसून पुंडलिकनगरातल्या आमच्या घरापुढच्या कडुनिंबाच्या झाडात आहे.

मनू, आमची एकुलती एक लेक, मेलबर्नला असते. तिला दिवस राहिले आणि अन्नावरची वासनाच उडाली. सुनंदा (म्हणजे आमची ही) रोज फोनवर विचारायची, "काय खावंसं वाटतंय गं?" पोरगी म्हणायची, "काहीच नाही. सगळ्याचा वास येतो." एके दिवशी मात्र हळूच म्हणाली, "आई, तुझ्या हातची कुरडई." आणि एवढं बोलून हमसाहमशी रडायलाच लागली!

"अगं, तिकडं दुकानात मिळत नाही का?" मी मधेच तोंड घातलं.

"मिळते बाबा. पण ती कुरडई नसते, कुरडईचा फोटो असतो."

झालं! व्हिसा, तिकिटं, स्वेटर हे सगळं माझ्याकडं आणि कुरडईचा डबा हिच्याकडं, अशी कामाची वाटणी झाली. हिनं उन्हाळ्यात केलेल्या कुरडया एकेक करून डब्यात रचल्या. निघायच्या दिवशी मला वाटलं, आपणही मुलीच्या डोहाळ्यांना हातभार लावावा. आमच्याकडं गहू असो, ज्वारी असो, डाळ असो, डब्यात कडुनिंबाचा पाला घातल्याशिवाय झाकण लागत नाही. मी अंगणातून दोन मुठी हिरवागार पाला आणला, कुरडयांच्या वर-खाली पसरला आणि कुणाला न सांगता डबा बंद केला. (चांगलं काम गुपचूप करावं, असं मी शाळेत मुलांना शिकवतो.)

मेलबर्नच्या विमानतळावर एका धिप्पाड साहेबानं तो डबा उघडला आणि पाला चिमटीत धरून विचारलं, हे काय?

त्यानं नुसतं विचारलं होतं. मी व्याख्यान दिलं. हा औषधी वृक्ष आहे, आम्ही तो धान्यात घालतो, किडे होऊ नयेत म्हणून. 'किडे' हा शब्द ऐकल्यावर त्यानं हातमोजे घातले. मी आणखी समजावून सांगू लागलो, तसा दुसरा साहेब आला. मग एक कुत्रा आला. कुत्र्यानं माझ्याकडं जसं पाहिलं, तसं माझ्याकडं फक्त सासरेबुवा पाहायचे, तेही लग्नाच्या आधी! शेवटी अख्खा डबा कचऱ्याच्या पिंपात गेला.

मी बायकोकडं बघायचं धाडस केलं नाही. आता या चकचकीत विमानतळावर, अठरापगड जातीच्या गोऱ्यांसमोर, तिच्या माहेरच्या अस्सल पैठणी शब्दांत माझा उद्धार होणार, म्हणून मी डोळे मिटून घेतले. पण पर्समध्ये हात घालून तिनं पितळी सोऱ्या चाचपला आणि म्हणाली, "हा राहिला ना? मग चला."

या बाईशी लग्न होऊन इतकी वर्षं झाली, पण माझ्या पदरात काय पडलंय ते मला त्या क्षणी कळलं.

दुसऱ्याच दिवशी हिनं गहू भिजत घातले. कुरडईसाठी गहू तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, मग वाटून, गाळून त्याचा पांढरा चीक काढायचा, असा तो खटाटोप. मनूच्या फ्लॅटला बाल्कनी नव्हती, ऊनही येत नव्हतं. पण त्याची चिंता करायला वेळच मिळाला नाही. कारण जावईबापूंनी आमच्यासाठी समुद्रकिनाऱ्यावर तंबूची जागा कधीचीच राखून ठेवली होती, आणि निघायचा दिवस नेमका चीक काढल्याच्या दुसऱ्या दिवशी उजाडला.

निनाद पुण्याचा. स्वभावानं गरीब. "आई, आपण आल्यावर करूया ना कुरडया," तो म्हणाला.

"निनादराव, भिजलेले गहू थांबत नसतात. अन् पोटुशी बाईसुद्धा थांबत नसती. बादली डिकीत नका ठेवू, हिंदकळंल. यांच्या पायात द्या."

अशा रीतीनं जगातल्या अतिसुंदर समजल्या जाणाऱ्या समुद्रकाठच्या रस्त्यावरून मी आंबलेल्या चिकाची बादली गुडघ्यांत धरून प्रवास केला. बाहेर निळाशार समुद्र, कडे, फेसाळ लाटा. आत तो वास! थोड्या वेळानं निनादनं अदबीनं काच खाली केली.

"बाबा, गाडीत काही मेलंय का हो?"

"मेलं नाय, भिजलंय," मागून ही म्हणाली.

मुक्कामी पोचल्यावर निनादनं नवाकोरा तंबू काढला. तंबू म्हणजे आपल्या मांडवासारखा प्रकार नव्हे. आत मच्छरदाणीसारखी जाळीची खोली आणि तिच्यावर पाणी न झिरपणाऱ्या कापडाचं वेगळं छप्पर. मी गणिताचा मास्तर, त्यामुळं काठ्यांचे कोन मी सांगायचे असं मीच ठरवलं. माझ्या हिशेबानं उभा केलेला तंबू पहिल्यांदा माझ्यावरच बसला. दुसऱ्यांदा निनादनं मला नम्रपणे "बाबा, तुम्ही जरा चहा घ्या" असं सांगितलं, तेव्हा तो सरळ उभा राहिला.

तोवर ही कमरेवर हात ठेवून किनाऱ्याकडं बघत होती.

"काय ऊन आहे हो! अन् माणसं त्यात नुसती लोळायलीत! एकाच्या तरी मनात येतंय का, दोन पापड वाळवावेत?"

मग जे घडलं ते मी लांबून, आदरानं पाहिलं. हिला इंग्रजी येत नाही. पैठणहून आमच्या शहरात लग्न होऊन आली हाच याआधीचा तिचा सगळ्यात मोठा प्रवास. पण तासाभरात तिनं तिथलं सामायिक स्वयंपाकघर ताब्यात घेतलं. मोठ्या पातेल्यात आधण ठेवलं, मीठ-जिरं-हिंग टाकलं, वरून चिकाची धार धरली. ढवळायला लांब काही मिळेना, तेव्हा निनादनं किनाऱ्यावर क्रिकेट खेळायला आणलेला नवा लाकडी स्टंप तिनं धुऊन घेतला. निनादनं "आई, तो..." एवढं म्हणेपर्यंत स्टंप कामाला लागला होता!

शेजारच्या चाकांवरच्या घरगाडीत केविन नावाचा एक निवृत्त म्हातारा आणि त्याची बायको उतरले होते. वासाच्या मागावर दोघं आत आले. केविननं इंग्रजीत विचारलं, मदत करू का? हिनं मराठीत उत्तर दिलं, "धरा हे. हात थांबवायचा नाय, गाठी व्हतात." आणि तो सहा फुटी माणूस घाम पुसत इमानदारीत चीक घोटू लागला. मी भाषांतर करायला पुढं झालो, तर दोघांनीही मला हातानंच बाजूला केलं.

आता कुरडया घालायच्या कशावर? हिची नजर तंबूच्या छपरावर गेली. "ते कापड स्वच्छ दिसतंय. काढा." छप्पर खाली आलं, धुतलं गेलं, गवतावर अंथरलं गेलं. मनू खुर्चीत बसून गरम चीक तेल घालून वाटीनं खात होती. तीन महिन्यांत पोरीनं मागून खाल्लेली ती पहिली वाटी! ही सोऱ्या फिरवत होती आणि एकेक पांढरी शुभ्र, जाळीदार कुरडई कापडावर उमटत होती. केविनच्या बायकोनंही हट्टानं एक घातली. ती हुबेहूब ऑस्ट्रेलियाच्या नकाशासारखी झाली. (टास्मानियासकट.)

केविननं त्या रांगांकडं बघून मला हळूच विचारलं, "ही घरटी तुम्ही कुठल्या पक्ष्यांसाठी करताय?"

मी हसलो. तेव्हा हसायला नको होतं.

"मी मनूला जरा वाळूवरून चालवून आणते," ही म्हणाली. "तुम्ही राखण करा. एवढं एकच काम आहे तुमच्याकडं. जमंल ना?"

"अगं, राखण करतच मोठा झालो मी!"

आणि ते खरंच होतं. लहानपणी गच्चीवर काळी छत्री आणि काठी घेऊन वाळवण राखण्यात माझ्या उन्हाळ्याच्या सुट्ट्या गेल्या आहेत. मी छत्री उघडली, काठी म्हणून स्टंप घेतला आणि ऐटीत बसलो.

थोड्या वेळानं एक सीगल आला. पांढराशुभ्र, लाल चोचीचा, एका पायावर उभा. शाळा तपासणीला आलेल्या अधिकाऱ्यासारखा तो कुरडयांच्या रांगा बघू लागला. मी 'हुश् हुश्' केलं. तो दुसऱ्या पायावर उभा राहिला.

इथं मला माझ्या आईचा नियम आठवला. वाळवण घातलं की आई पहिली कुरडई कावळ्यासाठी बाजूला काढून ठेवायची. "त्याचा मान त्याला दिला की तो बाकीच्याला चोच लावत नाय," असं ती म्हणायची. आणि आमच्या गल्लीतले कावळे या कराराला जागायचे. (एखादा जागला नाही, तर तो दुसऱ्या गल्लीतला आहे, असं आई सांगायची.) शेजारीच एक पाटी होती, पक्ष्याचं चित्र आणि त्यावर लाल फुली. पक्ष्यांना खायला घालू नका, असा त्याचा अर्थ. पण मी कुठं खायला घालत होतो? मी मान देत होतो!

मी कडेची एक कुरडई उचलली, पानावर ठेवतात तशी गवतावर ठेवली, दोन पावलं मागं सरलो आणि चक्क हात जोडले.

सीगलनं ती एका घासात गिळली. आकाशाकडं मान वर केली. आणि जो काही टाहो फोडला म्हणता!

कावळाही ओरडून भाऊबंद बोलावतो, नाही असं नाही. पण यानं अख्खा जिल्हा बोलावला! समुद्रावरून, झाडांवरून, घरगाड्यांच्या टपांवरून सीगल येऊ लागले. मी छत्री फिरवली. वाऱ्यानं ती उलटी झाली आणि तिच्यात एक जण बसला. मी हुश् म्हणालो, हाड म्हणालो, शेवटी इंग्रजीत 'प्लीज'सुद्धा म्हणालो! निनाद टॉवेल घेऊन धावला, त्याचा टॉवेल मला लागला. माझी टोपी एकानं नेली. आणि केविन? तो हात जोडण्यापासून सगळा प्रकार मोबाइलवर टिपत होता. त्याला वाटलं, ही आमची पूजा आहे!

एवढ्यात किनाऱ्यावरून मायलेकी आल्या. मनू जागीच थबकली. तिचा चेहरा पाहून मी उलटी छत्री खाली ठेवली. डबा विमानतळावर घालवला होता, आता वाळवण इथं. पोरीचं एवढंसं मागणं, आणि बापानं ते एकदा पिंपाला आणि एकदा पाखरांना वाहिलं!

हिनं पदर खोचला. छप्पर उतरवलेल्या तंबूकडं तिनं एकदा पाहिलं.

"निनादराव, तंबूचं दार उघडा."

"आई, तंबू झोपायला..."

"जाळी आहे ना त्याला? जिथं डास शिरत नाय, तिथं हा बगळा काय शिरतो! वरून ऊन बी लागंल. धरा कोपरे!"

निनाद, केविन, त्याची बायको आणि मी अशा चौघांनी कापडाचे चार कोपरे ताणून धरले आणि तालेवार नवरीची पालखी न्यावी तशी उरलेल्या कुरडयांची वरात तंबूत नेली. ही पुढं उलट्या छत्रीनं वाट काढत होती. चेन बंद झाली. जाळीतून ऊन आत, आणि सीगल बाहेर! तंबूभोवती गराडा घालून ते माझ्याकडं बघत राहिले. मान दिल्यावर असं वागतात का, असा त्यांचा चेहरा.

त्या मुक्कामात तंबूत कुरडयाच राहिल्या. मायलेकींना केविनच्या बायकोनं घरगाडीत जागा दिली. निनाद आणि मी मोटारीत झोपलो, रिकाम्या बादलीसोबत.

कुरडया कडकडीत वाळल्या त्या संध्याकाळी हिनं कढई चढवली. पहिली कुरडई तेलात फुलली तशी केविन टाळ्या वाजवायला लागला. ही ती मनूच्या हातावर ठेवून तिच्या तोंडाकडं बघत राहिली. मनूनं तुकडा मोडला, डोळे मिटले. आम्ही सगळे वाकून बघू लागलो. सीगलसुद्धा.

"आई," ती म्हणाली, "तीच गं! अगदी तीच!" आणि दुसरी मागितली. मग तिसरी. मग जरा थांबून म्हणाली, "फक्त एक कमी आहे. आपल्या डब्यातल्या कुरडईला तो कडुनिंबाचा वास असायचा ना..."

मी छाती फुगवून हिच्याकडं पाहिलं. "ऐकलंस?"

"ऐकलं," ही म्हणाली. "उरलेल्या आता मी भरणार आहे. डब्याला हात लावायचा नाय."

आता नात वर्षाची झाली आहे. कुरडईचा चुरा भातावर घातला की बोटं चाटते, पण एक अट असते: केविननं काढलेला तो व्हिडिओ समोर लागतो. मी सीगलपुढं हात जोडतो तिथं ती खुदकन हसते आणि आ करते. हिला ती फोनवर 'आजी' अशी स्पष्ट हाक मारते. मी दिसलो की दोन्ही हात जोडते आणि म्हणते, "काऊ!"