मुलगी पाहायला गेलो आणि पोट दाखवून आलो

मुलगी पाहायला लोणारला गेलो तेव्हा मी दुसरबीडच्या शाळेत मास्तर होतो, आणि माझं पोट पाच वर्षांपासून माझं ऐकत नव्हतं. कधी चार दिवस संप, तर कधी सकाळपासून चार खेपा. वर कळ वेगळीच. ओवा, काळं मीठ, बेलाचा मुरंबा, सगळं झालं होतं. एसटीत बसायचं असलं की मी आदल्या दिवसापासून जेवतच नसे.

त्या दिवशीही उपाशीच होतो. पण मुलीकडच्यांनी पोह्यांबरोबर पेला भरून वेलदोड्याचं दूध पुढे केलं. नाही म्हणायची सोय नव्हती. मुलगी येऊन बसली. माझ्याबरोबर आलेल्या मामांनी तिला नाव विचारलं, आणि ती सांगणार तोच मी उठलो. "तांब्या कुठाय?" एवढंच म्हणालो आणि परसाकडे धावलो.

परत आलो तर मामा सतरंजीचे धागे मोजत होते. मुलीचे वडील सरकारी दवाखान्यात कंपाउंडर होते. काहीतरी बोलायचं म्हणून त्यांनी मुलीला विचारलं, "तुले काही इचारायचं हाय काय?"

ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "बाबा, त्याईले इचारा, पोट कवापासून बिघडेल हाय?"

मामांना ठसका लागला. मी मात्र खरं ते सगळं सांगून टाकलं, खेपांच्या हिशेबासकट. लग्नाचं बोलणं बाजूला राहिलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कंपाउंडरसाहेबांनी मला डॉक्टरांपुढे उभं केलं.

डॉक्टरांनी पोट दाबलं. ताप येतो का, रक्त पडतं का, वजन उतरलं का, सगळं विचारलं, तपासण्या केल्या. काही निघालं नाही. "आतडं धड आहे, फक्त चिडकं आहे," ते म्हणाले. "ते बदलणार नाही, पण सांभाळता येईल. दूध बंद. रोज इसबगोल आणि भरपूर पाणी. जेवण वेळेवर. आणि महिनाभर वहीत लिहा, काय खाल्लं आणि काय झालं."

महिन्याने वही घेऊन लोणारला गेलो. तोवर मुलीकडून होकार येऊन लग्न ठरलं होतं. त्यामुळे डॉक्टरांच्या आधी वही तिनेच वाचली.

"रविवारी भजे खाल्ले तरी पोट गप्प. मंग सोमवारी साध्या वरणानं काऊन बिघडते?"

"सोमवारी हेडमास्तरांना आठवड्याच्या धड्यांचं टाचण दाखवावं लागतं."

"मंग शनवारीच लिहून टाका ना!"

पाच वर्षं मला हे सुचलं नव्हतं. डॉक्टर वही बघून हसले आणि म्हणाले, "औषध चालू ठेवा, आणि टाचणाचंही ऐका."

दोन्ही ऐकलं. लग्नानंतर वर्षभरात कळ महिन्यातून एखाद्या वेळी यायची, आणि आली तरी मी घाबरायचो नाही. एकदा शाळा तपासायला साहेब आले असताना कळ आलीच. मी सरळ म्हणालो, "साहेब, पाच मिनिटं. पोटाचं आहे." परतलो तर साहेबांनी वर्गातल्या मुलांना पाढे लिहायला लावले होते. मला दाराबाहेर घेऊन ते हळूच म्हणाले, "मास्तर, मलाही हेच आहे हो. तुम्ही घेता काय?"

मी सांगत गेलो आणि साहेबांनी तपासणीच्या कागदामागेच सगळं उतरवून घेतलं.